अर्धी दुरुस्ती

तापीपासून पांझरेपर्यंतच्या मुलखात आमच्या व्याह्यांइतका चौकस माणूस दुसरा झाला नाही, हे माझे ठाम मत आहे आणि ते मी कोणाच्याही सांगण्यावरून बदलणार नाही. सावद्याचे लोक त्यांना चिकट म्हणतात. पारोळ्याचे आमचे मेहुणे तर, व्हिडिओ गेमच्या त्या प्रकरणापासून त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे पंगतीत बसून खुशाल सांगतात. सावद्याचे लोक त्या दिवशी धुळ्यात नव्हते. मेहुणे तर कुठेच नव्हते. मी होतो. तेव्हा खरे काय ते माझ्याकडूनच ऐकावे.

व्याही सावद्याचे केळीचे बागाईतदार. जगातली प्रत्येक वस्तू आपण चौकशी करावी म्हणूनच खोळंबली आहे, अशी त्यांची समजूत असावी. आमच्या संगीताला पाहायला आले तेव्हा इतर मंडळींनी तिला स्वयंपाकाचे आणि शिवणाचे विचारले. यांनी आमचा रेडिओ भिंतीकडे तोंड करून का ठेवला आहे, एवढेच विचारले, आणि पुढची खुंटी तुटल्यामुळे तो मागून लावावा लागतो असे कळताच स्थळ पसंत असल्याचे जाहीर केले. लग्नात मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा वराचे वडील मंडपात नव्हते, ते मंडपामागे उकिडवे बसून जनरेटरवाल्याला विचारत होते, "यातला धूर निघाला नही, तर कुठी जाईन रे भाऊ?" एसटीत घंटीची दोरी दोनदा ओढली की ड्रायव्हर गाडी हाकतो, मग पाच वेळा ओढली तर त्याला काय समजत असेल, हा प्रश्न त्यांना एकदा पडला आणि त्यांनी ती ओढून पाहिली. उत्तर कंडक्टरने दिले, आणि ते सविस्तर दिले.

आमचे जावई केळीच्या मालामागे वरचेवर दिल्लीला जात. अशाच एका फेरीत त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, चार दिवस हौसेने खेळले आणि पुन्हा मालामागे निघून गेले. यंत्र संगीताच्या हाती राहिले. दुपारची आवराआवर झाली की ती खेळत बसे. त्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे, बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. व्याह्यांची चाहूल लागली की ती पदर सावरून उठे आणि टीव्ही बंद करी. एके दुपारी पडद्यावरचे चित्र थरथरू लागले. खेळाची कॅसेट खाचेत सैल झाली होती. ओसरीवरून व्याह्यांना ते दिसले, आणि समोर काही थरथरत असताना स्वस्थ बसणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. ते आत आले आणि त्यांनी कॅसेटवर अंगठा दाबला. चित्र स्थिरावले. अंगठा उचलला, चित्र गेले.

"बस, बस पोरी," ते म्हणाले, "उठू नको. मी दाबून धरतो, तू खेळ."

अंगठा काढता येत नाही म्हणून सासऱ्याला उठता येईना, आणि सासरा आपल्यासाठी खोळंबला आहे म्हणून सुनेला उठता येईना. पुढे हे रोजचेच झाले. व्याह्यांचा अंगठा गुंतलेला असला तरी तोंड मोकळेच असे.

"हा गडी सारखा उजवीकडंच का पयतो?"

"आबा, त्याला डावीकडे जाताच येत नाही."

"का बरं? तिकडं त्याची सासुरवाडी हाय का?"

त्यावर आमची लेक सासऱ्यासमोर प्रथमच मोठ्याने हसली, असे तिनेच मला सांगितले आहे.

पुढे एक दिवस अंगठा दाबूनही चित्र येईना. जावयांचा दिल्लीहून फोन आला, "ते टाकून द्या, मी नवा घेऊन येतो." व्याह्यांनी ते यंत्र केळीच्या वाळल्या पानांत घडासारखे गुंडाळले आणि जळगाव गाठले. तिथल्या दुकानदारानेही नवाच घेण्याचा सल्ला दिला. "नव्यात कॅसेट घट्ट बसते का?" त्यांनी विचारले. "हलणार नाही," असे उत्तर मिळताच ते यंत्र उचलून बाहेर पडले. हे मी त्यांच्या तोंडून ऐकले. पुढचे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडले, कारण तेथून ते थेट धुळ्याला माझ्याकडे आले आणि मी त्यांना आमच्या गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेले.

त्याने झाकण उघडून कॅसेटच्या खाचेतल्या पट्ट्या पाहिल्या. "बाकी बठ्ठं चांगलं शे. पट्ट्या तेवढ्या वाकेल शेतस. सरळ करी देस, मंग हात लावानं काम नही."

"थांबा!" व्याही ओरडले. "एवढं नका करू. दाबलं म्हनजे चालीन आन सोडलं म्हनजे बंद पडीन, असं करा."

"आबा," तो शांतपणे म्हणाला, "बिघडेल वस्तू नीट करानं मन्हं काम शे. नीट वस्तू बिघाडानं नही."

गिऱ्हाईक मागेल तेवढेच काम करावे, असे मी त्याला खडसावले. वास्तविक मलाही काही उमगले नव्हते. पण माझ्या व्याह्यांना माझ्या गल्लीत कोणी उलटून बोलावे, हे मला मान्य नव्हते. मग त्यांना बाहेर नेऊन मी विचारले, "व्याहीबुवा, नवा नको, जुना नीट व्हायला नको. तुम्हाला हवे आहे तरी काय?"

आयुष्यभर इतरांना प्रश्न विचारणारा हा माणूस उत्तर देताना अवघडला.

"माहा अंगठाच लागला नही, तर मी तिथी कायले बसू? रिकामा सासरा येऊन बसला, तर तिले उठनंच पडते."

त्यांनी वळून दुकानातल्या उघड्या यंत्राकडे पाहिले.

"पन आता तर बंदच पडेल हाय ते," ते म्हणाले. "पोरगी दुपारभर नुसती बसून राह्यते." आणि ते परत आत गेले. "करा भाऊ. पुरं करा. पक्कं करा."

ज्याला चिकटपणा म्हणतात आणि ज्याला वेड म्हणतात, ते हे. मी त्यांच्याबरोबर सावद्याला गेलो. पुढे काय होते ते पाहिल्यावाचून मला राहवले नसते. दुसऱ्या दुपारी आत खेळ सुरू झाला. चित्र हलत नव्हते. व्याही ओसरीवर दाराकडे पाठ करून बसले होते, आणि समोर मी असूनही त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात आतून संगीताचा आवाज आला. "आबा, लवकर या! एका नळीत शिरले, तर भलतीकडेच निघाले. हे काय आहे, मला कळत नाही."

"कुठी निघाली?" म्हणत व्याही उठलेसुद्धा.

दारातून मला दिसले. ती उठली नाही. तिने पदर सावरला, थोडी सरकली आणि सतरंजीवर त्यांना जागा करून दिली. मग दोघेही पडद्याकडे वाकून, एकमेकांचे बोलणे तोडत, त्या नळीविषयी वाद घालू लागली. मी ओसरीवर एकटाच राहिलो. माझ्यापुढचा चहा निवला. आमच्या घरी असताना काही दाखवायला तिने मला अशी हाक कधी मारली होती, ते मी आठवून पाहत होतो.