सिंधुबाईंची दवंडी

मास्तर दारात आला की पोराच्या पाठीत धपाटा पडणार, हा आपल्या गावांचा कायदा आहे. तो कुणी लिहिला नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही. मास्तर तोंड उघडायच्या आत आईचा हात चपलेकडे जातो. जाणारच! चांगलं सांगायला आजवर कोणता मास्तर कुणाच्या दारात गेलाय?

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या गावात सातवीला शिकवणाऱ्या सिंधुबाई हा कायदा विसरल्या आणि फसल्या.

बाई मूळच्या माहूरच्या. आई देवीच्या वाटेवर नारळ-कुंकू विकायची आणि ही शेजारी उभी राहून गिऱ्हाइकाला हाका मारायची. आवाज तिथं कमावला, तापटपणा जन्माचाच. एका प्रशिक्षणात त्यांना चांदण्यांच्या टिकल्या मिळाल्या होत्या. चांगलं वागणाऱ्या पोराच्या हातावर चिकटवायच्या. आठवडा व्हायच्या आत पोरांनी बाजार मांडला, एका चांदणीला दोन पेरू. बाईंनी पाकीट कपाटात फेकलं, पण त्यातली गोम धरून ठेवली. पोरगं चुकताना सगळेच पकडतात, ते चांगलं वागताना पकडलं पाहिजे. आणि पकडलं की नुसतं ‘शाब्बास’ म्हणून भागत नाही, नेमकं काय केलंस ते तिथल्या तिथं सांगावं लागतं.

त्यांच्या वर्गात एक राजकन्या होती. नाव राजकन्या, हात पैलवानाचा. खिचडीच्या रांगेत घुसायची आणि आडवा येईल त्याला कोपर द्यायची. तक्रारी इतक्या झाल्या की तिच्या बापानं, टमटम चालवणाऱ्या भागवतनं, हेडमास्तरांना सांगून टाकलं, “आता अजून एक तक्रार आली की पोरगी घरी. उदगीरला आत्याकडं धाडतो, धुणीभांडी तरी शिकंल.”

बाईंनी राजकन्येला बोलावलं. “रांगेत तुला अडवायची हिंमत कुणाची न्हाई ना? मग आजपासून रांग तुझी. पहिलीची लेकरं आधी जेवली पाहिजेत.”

सुरुवातीला तिनं रांगही कोपरानंच सांभाळली. मग एकदा आठवीच्या एका दांडगटानं पहिलीतल्या पोराला ढकललं. ताट खणखणत गेलं. आता ठोसा बसणार म्हणून सगळे सरकले. राजकन्येनं मूठ वळली, मग दोन्ही हात पाठीमागं नेले. ताट उचललं, पुसलं, लेकराला पुढं नेलं आणि दांडगटाला म्हणाली, “तू मागं चल. मी बी मागंच हाय.” त्या दिवशी तिच्या ताटात भांड्याच्या बुडाची खरवड आली.

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “राजकन्ये, हात उचलावा वाटला अन् तू उचलला न्हाईस. बघितलंय मी.”

पोरगी मिरचीसारखी लाल झाली आणि धुतलेलं ताट पुन्हा धुवायला गेली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या सिंधुबाई कसल्या? शाळा सुटल्यावर तरातरा भागवतच्या दारात. भागवतनं त्यांना बघितलं, पोरीकडं बघितलं आणि तिचं दप्तर माळ्यावर फेकलं.

“अहो, तक्रार न्हाई! कौतुक सांगायला आलेय.”

“पांघरूण घालू नका, बाई. कौतुक सांगायला कोण येतंय दारात? तुमची लाडकी म्हणून गोड करून सांगायलाव. शाळा बंद!”

बाईंनी ओरडून बघितलं, समजावून बघितलं. दार लागलं. पोरीचं भलं करायला गेलेल्या बाईंनीच तिची शाळा बुडवली होती.

दुसऱ्या दिवशी राजकन्येची जागा रिकामी. हेडमास्तर म्हणाले, “बरंच झालं, वर्ग शांत राहील.”

“शांतता पाहिजे असंल तर मसणवटा हाय की सर! ही शाळा हाय!”

मधल्या सुट्टीत बाई थेट ग्रामपंचायतीत. तिथला शिपाई व्यंकटी गावाचा भोंगा सांभाळायचा, आणि माईक म्हणजे त्याचं सिंहासन.

“कौतुक? भोंग्यावर? न्हाई जमत. भोंग्यावर नळाचं पाणी, न्हाईतर मयत.”

“परवा शेळी हरवल्याचं सांगितलंस की.”

“शेळीचं येगळं हाय.”

“पोरगी हरवायला लागलीय रे, व्यंकटी!”

व्यंकटीनं माईक पुढं ओढला. गळा साफ केला आणि त्याला येत होत्या त्या एकुलत्या एका सुरात सुरू झाला, “गावकऱ्यांना कळविण्यात येते की... भागवत टमटमवाले यांची कन्या... राजकन्या...” आणि सवयीनं दम घ्यायला थांबला.

पाण्याची वेळ नाही, म्हणजे मयतच. पुढचं ऐकतंय कोण? बाया तोंडाला पदर लावून निघाल्या, बाप्ये खांद्यावर टॉवेल टाकून. भागवत स्टँडवर टमटम तशीच टाकून पळत सुटला. दारात गर्दी, आत राजकन्या ज्वारी निवडत बसलेली.

“अगं बया! तू तर जिती हायस!”

भोंग्यावर गोष्ट दोनदा सांगायची रीत, मधे पंधरा मिनिटं सोडून. व्यंकटीनं दुसऱ्यांदा सांगितलं, ते आख्ख्या गावानं भागवतच्या दारात उभं राहून ऐकलं: हिनं धाकट्या लेकराला आधी जेवू घातलं, राग आला तरी हात उचलला नाही, शाळेला तिचा अभिमान आहे.

“मारलं न्हाई? हिनं?” एक म्हातारी म्हणाली, आणि रडायला आलेलं गाव हसायला लागलं. “भागवता, पोरीनं नाव काढलं रे! पर भर दुपारची घरात काय करायली ही? शाळा न्हाई व्हय?”

सगळ्यांचे डोळे भागवतवर. त्याची मान माळ्याकडं वळली.

“दप्तराला... उंदरं लागली व्हती. म्हणून वर ठिवलंतं.”

तो शिडी लावून चढला. दप्तर काढलं, खांद्यावरच्या टॉवेलानं झटकलं आणि पोरीच्या हातात दिलं. तेवढ्यात सिंधुबाई धापा टाकत पोचल्या. भागवत खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, माझं नाव नीट घेतलं न्हवं त्यानं?”

“दोनदा!”

आता पाण्याच्या दवंडीमागून दर शनिवारी एका पोराचं नाव येतं, नेमकं काय केलं त्याच्यासकट. गाव टॉवेल घेऊन पळत नाही, पण कान देतं.

परवा भागवतनं शिटं भरलेली टमटम शाळेच्या फाटकात थांबवली. “बाई, आज काय केलं का हिनं?”

“केलं. भांडली.”

त्याचा चेहरा पडला. मागं शिटं वैतागली, तरी तो हलेना. “मंग?”

“मंग ज्याचं ताट सांडलं, त्याला आपणहून दुसरं भरून आणून दिलं.”

भागवतनं गाडी सुरू केली. “भोंग्यावर दुसरं तेवढं सांगा, बाई. पयलं आपल्यात.”