दीडची घंटा आणि सेवकराम

सेवकराम कॉलेजात शिपाई होता, असं कॉलेज म्हणायचं. पवनीला शिकायला येणारी पोरं मात्र छातीठोकपणे सांगत की विषय सेवकराम ठरवतो, कॉलेज फक्त शिक्का मारतं. तुम्ही म्हणाल, प्राध्यापक नव्हते काय? होते ना! 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष' अशी निळ्या अक्षरांची पाटीसुद्धा होती. पाटीखालच्या दाराला कुलूप होतं, किल्ली मार्गदर्शक सरांच्या खिशात होती, आणि सर आपल्या गावी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला गेले होते. जून महिन्यात धान सोडून पोरांना कोण विचारतो?

मग खेड्यातून आलेलं लेकरू फॉर्म घेऊन व्हरांड्यात उभं राही. 'ऐच्छिक विषय' एवढं वाचूनच त्याला घाम फुटे. तेवढ्यात खिडकीजवळच्या स्टुलावरून आवाज येई, "कोण्या गावचा बे तू?"

सेवकरामचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात होतं. गाव विचारायचं, त्या गावची एस.टी. गाडी आठवायची आणि गाडीच्या वेळेआत सुटणारे विषय फॉर्मवर लिहायचे. म्हणून आसगावची झाडून सारी पोरं समाजशास्त्रात, कोंढ्याची राज्यशास्त्रात आणि अड्याळची तर्कशास्त्रात. तर्कशास्त्राच्या सरांपुढे आधी सात वर्षं तीनच पोरं असत. आता एकोणीस बघून ते बिचारे गहिवरले. त्यांना वाटलं, अड्याळची माती काही वेगळीच आहे!

शहात्तर सालच्या जूनमध्ये अड्याळचे दादाजी आपल्या रुखमाला घेऊन आले. त्यांच्या घरात मॅट्रिक झालेली ही पहिलीच. दादाजींनी फॉर्मकडे पाहिलंच नाही.

"गुरं घरी यायच्या आत पोरगी घरी पायजे. नाही आली तं शिक्षण बंद. मी दोनदा बोलत नाही."

"तर्कशास्त्र लिवतो," सेवकराम म्हणाला. "दीडले तास सुटते, दीडचीच गाडी हाय. बाकी माह्या शब्दावर सोडा."

आता दीडचा तास आणि दीडचीच गाडी, मध्ये दहा मिनिटांचा रस्ता, हे कसं जमायचं? जमायचं, कारण दीडची गाडी दीडला सुटलेली सेवकरामने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पण त्या वर्षी सगळीकडे वेळेवर कामं करायची टूम निघाली होती. जुलैच्या शेवटी बस स्टँडवर पुंडलिकराव नावाचा नवा कंट्रोलर आला. इस्त्रीचे कपडे, तोंडात शिटी. गाडी म्हणजे टायमावर!

लगोलग रुखमाची गाडी दोनदा चुकली. दुसरी गाडी थेट साडेपाचला. घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले, गुरं केव्हाच गोठ्यात. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा ती स्टँडवरून परत येऊन व्हरांड्यात बसली आणि रडायलाच लागली. शब्द सेवकरामने दिला होता, आणि शिक्षा या पोरीला?

"रडू नको वो बाई. घंटा कोनाच्या हातात हाय? माह्या ना?"

घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सेवकरामने हातोडा घातला की अर्ध्या पवनीला ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी त्याने दीडची घंटा पाच मिनिटं आधी दिली. रुखमा धावली. गाडी गेली होती. मग दहा मिनिटं आधी दिली. गाडी गेली होती! मग पंधरा, मग वीस. रुखमा धापा टाकत स्टँडवर पोचायची आणि धूळ बघायची. हा काय चेटूक प्रकार आहे, सेवकरामला काही उमगेना. गाडीला पोरीची अशी काय दुश्मनी?

इकडे कॉलेजात भलताच गोंधळ. तर्कशास्त्राचे सर फळ्यावर 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' लिहीत, 'सॉक्रेटिस मनुष्य आहे' लिहीत, आणि घंटा होई. अख्खा पंधरवडा सॉक्रेटिस काही मेला नाही. प्रिन्सिपॉल साहेबांनी आपलं घड्याळ मागे पडतं म्हणून दोनदा दुरुस्तीला दिलं.

शेवटी बाजाराच्या दिवशी दादाजी स्वतः आले. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"गाडीची चूक म्हनून आजवर खपवलं. उद्या गाडी चुकली तं परवापासून थे घरी. धानाचं रोवणं हाय, हात पायजेच हायेत."

रात्रभर सेवकरामला झोप नाही. त्याने ठरवलं, उद्या स्टँडवर जाऊन गाडीपुढे आडवंच पडायचं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी एक वाजताच तो स्टँडवर हजर! सव्वा झाला, दीड झाला, पावणेदोन झाले. गाडी उभी. ड्रायव्हर उभा. पुंडलिकराव शिटी तोंडात धरून उभे.

"साहेब, गाडी काहून नाही सोडून राहिले?" सेवकरामने विचारलं.

"दीड कुठं वाजला अजून?"

"कोन म्हनते नाही वाजला?"

"अरे, कॉलेजची घंटा कुठं झाली? स्टँडचं घड्याळ उन्हाळ्यापासून बंद आहे. तिकडं घंटा झाली की इकडं माझी शिटी. एका सेकंदाचा फरक नाही, विचारा कोणालाही."

अरे बापा! म्हणजे इतके दिवस पोरीची गाडी आपणच आपल्या हाताने हाकलत होतो! जेवढी लवकर घंटा, तेवढी लवकर शिटी!

आणि आता घंटा द्यायला तिकडे कोणी नाही, म्हणून रुखमा वर्गात अडकलेली. सेवकराम धोतर सावरत पळत सुटला. वर्गात सॉक्रेटिस एकदाचा मेला होता. सरांना पुढे काय शिकवावं सुचत नव्हतं, म्हणून ते त्याला पुन्हा मारत होते.

"सर, अड्याळवाल्याइले हापिसात बलावलं," सेवकराम दारातून ओरडला. एकोणीस पोरं बाहेर आली. "हापिस गेलं चुलीत! पळा स्टँडवर! रुखमा, तू पुढं!"

मग हातोडा घेऊन तो कडुनिंबाखाली उभा राहिला. घंटा दिली की गाडी सुटणार. पोरगी बसेपर्यंत द्यायची नाही. त्याने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, पुन्हा मळली. प्रिन्सिपॉल साहेब बाहेर आले.

"सेवकराम, दोन वाजून गेले! दीडची घंटा?"

"साहेब, तुमची घडी आता पुढं पळून राहिली. त्या कारागिरानं जास्तच केली दुरुस्ती."

साहेबांनी मनगट कानाशी नेलं, हलवलं आणि आत गेले. सेवकरामने तंबाखूची तिसरी चिमूट संपवली आणि रुळावर असा टोला हाणला की निंबावरचे कावळे उडाले. स्टँडकडून शिटी आली, पाठोपाठ हॉर्न.

दुसऱ्या दिवशी रुखमा हसत आली. "बाबा म्हने, काल गाडी बराबर टायमावर आली."

मग वर्षभर असंच चाललं. आधी अड्याळवाले गुपचूप बाहेर, मग घंटा, मग शिटी. पुंडलिकरावांना वेळेच्या शिस्तीबद्दल शाबासकीचं पत्रसुद्धा मिळालं म्हणतात!

पुढच्या जूनमध्ये रुखमा पास होऊन खिडकीशी आली. सेवकरामने सवयीने पेन उचललं आणि थांबला. हा प्रश्न त्याने कधी कोणाला विचारला नव्हता, म्हणून जीभ जरा अडखळली.

"तुले कोनचा विषय आवडते वो बाई?"

रुखमालाही हे कधी कोणी विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "भूगोल. पन काका, त्याचा तास तं सव्वादोनले सुटते."

सेवकरामने फॉर्मवर ठसठशीत 'भूगोल' लिहिलं.

"मंग दीड सव्वादोनले वाजवू," तो म्हणाला.