कासमभायचं वाळवंटी दगडफूल

दाभोळच्या कासमभायचं ठाम मत होतं, की दगडफुलाशिवाय मटण म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

अठ्ठावन्न साली तो कुवेतच्या एका व्यापाऱ्याकडे आचारी होता. थंडी सरली, तसा मालकाचा तंबू अबू हलीफा गावाच्या पलीकडे वाळवंटात लागला. पाहुणे यायचे होते. मेजवानी जमली तर गावी जायला सुटी, असं मालकाने कबूल केलेलं. पोरगी रबिया साडेतीन वर्षांची झाली होती आणि बापाला फोटोतच ओळखत होती. नेमकं घरच्या मसाल्यातलं दगडफूल संपलं.

दोन दिवस वारा सुटला. तिसऱ्या सकाळी तंबूभोवती राखाडी, सुरकुतलेल्या गोळ्याच गोळ्या लोळत होत्या. कासमभायने एक उचलून हुंगली. इथे दगडांची टंचाई, म्हणून बिचारं दगडफूल मोकळंच भटकतं, असं त्याने ठरवलं, आणि ओंजळभर गोळ्या तेलात परतून, वाटून मटणाच्या डेगीत ढकलल्या.

ड्रायव्हर गफूर श्रीवर्धनचा. दुसऱ्याच्या आनंदात वाळू कालवायची त्याला भारी हौस. त्याने कासमभायला हाताला धरून बाहेर नेलं. एका बदूच्या, म्हणजे वाळवंटात फिरणाऱ्या धनगराच्या, शेळ्या तेच चरत होत्या, आणि त्यातली एक मागचे पाय पसरून, रुसलेल्या विहिणीसारखी बसली होती. म्हातारा बदू म्हणाला, दुष्काळात माणसंही हे खातात. थोडं चालतं, जास्त झालं की जनावराचे पाय जातात.

थोडं म्हणजे किती, हे विचारण्याइतकी अरबी कासमभायकडे नव्हती. त्याने मटणाच्या तीन थाळ्या स्वतःच रिचवल्या आणि पाय शाबूत आहेत का ते बघायला तंबूमागे लंगडी घालू लागला. आधी उजव्या पायावर, मग डाव्या. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन मालक आला.

"हे काय चाललंय?"

मालकाला हिंदुस्तानी कळायची; कासमभायने तिच्यात सगळं कबूल केलं, तेही उड्या न थांबवता. पाहुणे हसून हसून वाकले. मालकाने बदूला बोलावलं. एवढ्या डेगीत ओंजळभर म्हणजे काहीच नाही, असं सांगून म्हाताऱ्याने बाही सारली आणि पहिला घास घेतला. मग कुणी कुणासाठी थांबलं नाही.

बोटं चाटत मालक म्हणाला, "पुढच्या बोटीने घरी जा."

कासमभाय मटकन खाली बसला. सगळ्यांचे घास हवेतच राहिले.

गफूर धावला. "पाय गेले काय रं?"

"नाय रं," कासमभाय म्हणाला, "सुटी मिळाली."