रोमन दीपगृहावरचा फेटा

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या त्या रोमन दीपगृहानं जवळजवळ दोन हजार वर्षं वादळं, लढाया, बुडणारी जहाजं असं सगळं पाहिलं होतं. फक्त आमच्या काळेवाडीचा फेटा पाहायचा राहिला होता. ती उणीव मी गेल्या उन्हाळ्यात भरून काढली.

आमची मयूरी शिकायला म्हणून स्पेनला गेली, ला कोरुन्या नावाच्या गावी नोकरीला लागली आणि एक दिवस व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, हा मातेओ. आम्हाला लग्न करायचंय." मागे एक दाढीवाला मुलगा हात जोडून उभा! मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीचा सुपरवायझर. समोरचा पार्ट ओके की रिजेक्ट, लांबून सांगतो. पण हा पार्टच इंपोर्टेड! शेवटी माझी बायको रेखा म्हणाली, "इथं बसून काय कळणार? जाऊ, माणसं बघू, बरी असली तर हो म्हणून येऊ."

गेलो. मातेओच्या आईवडिलांनी पहिली भेट ठेवली ती गावाच्या अभिमानाच्या जागी, हर्क्युलसच्या मनोऱ्यावर. (हे नाव मी तोवर फक्त सायकलीवर वाचलेलं.) समुद्राकाठी टेकडी, टेकडीवर उंचच्या उंच दगडी दीपगृह, आणि रोमन लोक जाऊन इतकी वर्षं झाली तरी दिवा अजून चालू! आमच्या गल्लीतला कायम बंद असलेला दिव्याचा खांब बघता मला तर भरूनच आलं.

मी पिशवीतून निळा फेटा काढला. मयूरी दचकली.

"बाबा, हे काय?"

"व्याह्यांचा मान नको करायला? वर जाऊन बांधतो. फोटो चांगला येईल."

"बाबा, वर वारा असतो!"

"अगं, खंडेनवमीला कंपनीत सगळ्या साहेबांना फेटे कोण बांधतं?"

(मीच बांधतो. ते साहेबांच्या नाकावर येतात, ही गोष्ट वेगळी.)

व्याही म्हणजे मानोलोभाऊ. कपाटाएवढा माणूस! भेटल्यापासून ना हसले, ना बोलले. माझ्याकडे बघायचे आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. मी मयूरीला बाजूला घेतलं.

"हे मला शिव्या देतायत का गं?"

"माहीत नाही, बाबा." तिचा चेहरा उतरला होता. "मातेओ म्हणतो, दोन दिवस झाले, घरातही असंच चाललंय. त्यांना मी पसंत नसेन का?"

आता मात्र माझ्यातला बाप जागा झाला. म्हटलं, ह्या माणसाला आज फेट्यानं जिंकलं नाही, तर नाव सांगणार नाही!

रेखाचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि विहीणबाई खाली गवतावर बसल्या. आम्ही चौघं जिना चढून थेट गच्चीवर आलो. वारा? नाशिक हायवेला शेजारून कंटेनर गेला की आपली टू-व्हीलर हलते ना, तसा. फरक इतकाच की हा कंटेनर संपतच नव्हता!

मी फेट्याचं एक टोक दातात धरलं आणि मानोलोभाऊंना खुणेनं वाकायला सांगितलं. पहिला वेढा झकास बसला. दुसरा त्यांच्या डोळ्यांवर आला. तिसरा माझ्याच मानेभोवती बसला! चौथ्याला वाऱ्यानं सूत्रं स्वतःकडे घेतली. उरलेला सगळा फेटा कठड्याबाहेर जाऊन झेंड्यासारखा फडफडू लागला.

"बाबा, सोडा!"

"ओअआय आई!" मी म्हणालो. (म्हणजे 'सोडणार नाही.' दातात टोक होतं.)

"सेन्योर! सेन्योर!" करत गार्ड धावत आला आणि आम्हाला सोडवता सोडवता स्वतःच गुंडाळला गेला. खाली माणसं फोन वर करून उभी. काहींनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आज काहीतरी रोमन सण असावा.

मी आणि मानोलोभाऊ आता नाकाला नाक लावून उभे. त्यांचा चेहरा लालबुंद. त्यांनी मोठा श्वास घेतला. मी म्हटलं, संपलं! मोडलं लग्न!

आणि ते ओरडले, "याय बीम!"

क्षणभर मला कळेना. मग कळलं! आनंदाच्या भरात मी "जय भीम!" म्हणायला तोंड उघडलं आणि दातातलं टोक सुटलं. सर्रकन सगळा फेटा आम्हाला फिरवत निघाला आणि समुद्राच्या दिशेनं उडाला.

मातेओ हसून हसून खाली बसला होता. त्याच्या बोलण्याचं मयूरीनं डोळे पुसत भाषांतर केलं. "बाबा, मी फोनवर तुम्हाला म्हणते ते ऐकून ते दोन दिवस हेच पाठ करत होते! तुमच्यासमोर चुकेल म्हणून दुसरं काही बोलतच नव्हते."

मानोलोभाऊंनी मला कडकडून मिठी मारली. त्या मिठीत माझा चष्मा वाकला. गार्डनं मात्र आम्हाला खाली जायचा रस्ता दाखवला, आणि त्यासाठी भाषांतराची गरज लागली नाही.

खाली आलो तर समुद्राकडे निघालेला फेटा अलीकडेच गवतावर उतरून विहीणबाई आणि रेखाच्या मांडीवर. त्याचंच टेबलक्लॉथ करून दोघी शंकरपाळे खात होत्या.

"आमचं ठरलं," रेखा म्हणाली. "लग्न थंडीत, काळेवाडीला."

"कुठल्या भाषेत ठरवलंत?"

"भाषा कशाला? ती वर बघून कपाळाला हात लावत होती, मीही तेच करत होते. जमलं आमचं."

आता लग्न जवळ आलंय. तिकडून दोन गाड्या भरतील इतकी माणसं येणार आहेत. मयूरीनं सगळ्यांसाठी पिंपरीचा फेटेवाला ठरवलाय. मला सक्त ताकीद: कुणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. माझ्यासाठी तिनं तयार फेटा मागवलाय, हनुवटीखाली इलॅस्टिकवाला. खोक्यावर 'लहान मुलांसाठी' असं छापलंय. मी आरशासमोर घालून पाहिला. वाईट एवढंच वाटतं की तो मला अगदी बरोबर बसतो!