समोरच्या काकूंचं पिठलं
शेजारची म्हातारी परवा गेली, म्हणून आज त्यांच्या घरासाठी पिठलं करायला घेतलं आणि लसणाच्या फोडणीचा वास आला तशी मी मोताळ्याच्या आमच्या घरात जाऊन पोचले. बाबा गेले तो उन्हाळा होता. सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. पण डबे यायचे आणि तसेच परत जायचे, कारण भिंतीला टेकून बसलेली आई उठतच नव्हती, आणि रडून रडून आम्हीही थकलो होतो. एका दुपारी समोरच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. त्यांच्या हातच्या पिठल्याला गल्लीत तोड नव्हती. "एक घास घे वं माय," म्हणत त्यांनी आईच्या तोंडाशी घास धरला. आईनं तो कसाबसा गिळला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काऊन वं, मीठ नाही टाकलं?" "इसरली बाई मी," काकू खाली बघत म्हणाल्या. आई भिंतीचा आधार घेत उठली, आतून मिठाची बरणी घेऊन आली, आमच्या सगळ्यांच्या ताटांत तिनं स्वतः मीठ वाढलं आणि मग आमच्यासोबत जेवायला बसली. आता माझंही पिठलं शिजलं. पिठलं डब्यात काढलं, झाकण लावलं. मीठ टाकलं नाही.