अर्जासोबतचे फोटो

मास्तर आधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि मगच म्हणत, "फिकर करू नका, मी हाय ना."

अहमदपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आमच्याच नात्यागोत्यातले, उर्दू शाळेत शिकवत. सरकारी कागद आला की सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर. ते वाचून दाखवायचे, उत्तर लिहून द्यायचे, वर चहाही पाजायचे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायची सवयच लागते.

निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. माझी कमल दहा वर्षांची झालेली आणि मुलींना मराठी शाळा नाही. पोरांच्या उर्दू शाळेत तिला कोण धाडणार? मीच मास्तरांना म्हटलं, "शाळेसाठी अर्ज करा की."

"करू वहिनी. पण सोबत बायकांचे, पोरींचे फोटो लागतील. हुजुरांसमोर जायचेत, जरा चांगलं नेसून या."

सरकारदरबारी फाटकं नेसून कोण जाईल? लग्नातली लुगडी निघाली. बोरमाळ गल्लीत एकच, माझ्या सासूबाईंची. एकीच्या गळ्यातून काढली की दुसरीच्या गळ्यात. शेजारच्या काकूंना दात नव्हते, त्या तोंड मिटून बसल्या. मास्तर म्हणाले, "हसा की काकू, नातीची शाळा येऊन राहिली." मग काकू अशा हसल्या की फोटोवाल्यालाच थांबावं लागलं. त्या दिवशी मास्तर मला पाठच्या भावासारखे वाटले, खोटं कशाला सांगू.

सहा महिन्यांनी उत्तर आलं. आम्ही सगळ्या ओट्यावर. मास्तर पहिली ओळ वाचून थांबले.

"वाचा की," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. इथल्या बायका सुखी आहेत, त्यांची काही तक्रार नाही, असं विलायतेला पाठवलेल्या पुस्तकात त्यांच्या फोटोंनिशी छापलं आहे. सबब शाळेची गरज दिसत नाही.

काकूंनी विचारलं, "म्हंजे आमचेच फोटू?"

"हाव," मास्तर म्हणाले. "दिल्लीशी सरकारचं बिनसलंय. आपली रयत खुशीत हाय, हे गोऱ्या लोकांना पटवायचं होतं. माझ्याकडं फोटो मागितले, हैदराबादला बदली देतो म्हणाले. पण अर्जही धाडला होता वहिनी, आईची शपथ."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसला नसता."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आम्हाला एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी काहीही वाचून दाखवलं असतं तरी आम्ही मान डोलावली असती. त्यांनी खरं ते वाचलं.

महिन्याभरात ते हैदराबादला गेले. जाताना दारात आले होते. मी बाहेर गेले नाही. पुढं ते वारल्याचं कळलं तेव्हाही मला रडू आलं नाही.

राज्य बदललं, मराठी शाळा निघाली. तोवर कमल सासरी गेली होती. मी मात्र रागारागानं, केस पिकल्यावर, अक्षर शिकले. तिची पत्रं आता माझी मीच वाचते. ती दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेली असतात. मी खुशाल आहे, असं प्रत्येक पत्रात लिहिलेलं असतं. ते खरंच तिनं सांगितलेलं असतं का, मला कळत नाही.