विळीचं पाणी

लग्न होऊन केळव्याला आले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक रसायनशास्त्राची पदवी, आणि दुसरी ती कुणाला तरी दाखवायची घाई. सासरी पानवेली होत्या, केळी होत्या, सुपाऱ्या होत्या आणि सासूबाई होत्या. यांपैकी कुणालाही माझ्या मार्कांत रस नव्हता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बोईसरला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका पोलादाच्या तारा काढणाऱ्या कारखान्यातून मला प्रयोगशाळेतल्या कामासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. नवरा म्हणाला, "आईला विचार." आमच्या घरी हा नकाराचाच एक प्रकार होता. सासूबाई म्हणाल्या, "बघू." आणि आठवडाभर बघतच राहिल्या. मुलाखत चार दिवसांवर आली, तेव्हा मी ठरवलं की आपल्या विद्येचा घराला काय उपयोग आहे तो यांना दाखवून द्यावा.

सासूबाईंच्या विळीला मुशी माशाचा वास लागला होता. चिंच लावून झाली, राख लावून झाली, वास जाईना. मी म्हटलं, उष्णता. लोखंड वितळायला दीड हजार अंश लागतात. आमच्या चुलीत तेवढे नसतात. म्हणजे पात्याला काही होणार नाही. इतका निर्दोष विचार मी पुढे आयुष्यात फारसा केलेला नाही.

सासूबाई वाडीत गेल्यावर मी पातं पाटावरून काढलं, निखाऱ्यांत खुपसलं आणि फुंकणीने फुंकून फुंकून लालभडक केलं. एकदम पाणी ओतून त्याला धक्का नको, म्हणून मग गरम राखेत पुरलं आणि सावकाश निवू दिलं. फार मायेने केलं सगळं. वरची काळी खपली घासून पातं परत बसवलं. वास गेला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुरमईचं डोकं विळीवर धरलं आणि जोर दिला. डोकं तसंच राहिलं. धार मात्र करंजीच्या काठासारखी मुरडली.

"लोहारानं पातं बदललं," सासूबाई म्हणाल्या. "मागल्या महिन्यात धार लावायला दिली तवाच. चोर मेला! आख्ख्या आळीला सांगते, त्याच्याकडं कोनी जायचं नाय."

आणि सांगितलंही. संध्याकाळपर्यंत आळीतल्या चार बायकांना आपापल्या कोयत्यांबद्दल संशय येऊ लागला. खरं बोलायची ती वेळ होती. बोलले असते तर बोईसर संपलं असतं. मी तांदूळ निवडायला बसले. ते आधीच निवडलेले होते.

सकाळी सासूबाई मला घेऊन एसटीने शिरगावला निघाल्या. लोहार म्हातारा होता, कमी बोलणारा. त्याने पात्यावर कानस फिरवली. ती आरामात लागली, इतकं पातं मऊ पडलं होतं.

"पातं माझंच हाय, वयनी. कोनीतरी याचं पानी उतरवलंय, कडकपना घालवलाय. चुलीत घालून."

"माझ्या घरात कोन घालील चुलीत?"

"ते मला काय ठाव," लोहार म्हणाला आणि माझ्या भुवईकडे बघत राहिला. फुंकताना ती थोडी जळली होती.

मी कबूल केलं. म्हणजे आधी शास्त्र सांगायला घेतलं, कबुली त्यात गुंडाळली.

"आई, धातूचे अणू रांगांमध्ये बसलेले असतात. त्यांचे काही इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या घरचे नसतात. ते सगळ्यांच्या घरांतून मोकळे फिरतात, आणि त्यांच्यामुळेच सगळे एकत्र बांधलेले राहतात."

"म्हंजे तुझी चुलत सासू."

"हो. म्हणजे नाही. रांगा एकमेकींवरून घसरल्या तरी ते बांधून ठेवतात, म्हणून धातू तुटत नाही, वाकतो. पोलादात थोडा कार्बन असतो. लाल असताना पाण्यात बुडवलं की तो मध्येच अडकून बसतो, रांगांना घसरू देत नाही, म्हणून पातं कडक होतं. आणि हळूहळू गार केलं तर..."

इथे मी थांबले. या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

"तर काय होतं, बाय?" लोहाराने विचारलं.

"मऊ होतं."

"मंग तुला ठाव होतं की."

"होतं."

"मंग?"

मी जळक्या भुवईवरून बोट फिरवलं.

लोहाराने मला भात्यावर बसवलं. पातं ठोकून सरळ केलं, लाल केलं, पाण्यात बुडवलं. "आता आपटलं तर काचेवानी फुटंल," म्हणाला. मग घासून लखलखीत करून परत बेताने तापवलं. धारेवर पेंढ्यासारखा पिवळा रंग चढला तसं पुन्हा पाण्यात घातलं.

"ह्ये नाय तुझ्या पुस्तकात?"

"आहे," मी म्हटलं. "पान दाखवते."

"पान नको. भाता वढ."

सासूबाईंनी लोहाराची माफी मागितली नाही. त्यांनी ती कधी कुणाचीच मागितली नव्हती. घरी आल्या आणि आळीत दारोदार जाऊन सांगून आल्या, "लोहार चोर नाय. आमची सून शिकलेली हाय."

मी खोलीत जाऊन मुलाखतीचं पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं. जेवताना सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "त्या बोईसरच्या कारखान्यात ही काय करनार?"

"लोखंड तपासणार. तापवून, वाकवून, तोडून."

"कोनाचं लोखंड?"

"त्यांचंच."

सासूबाईंनी भात कालवला. "मंग जाऊ दे तिला. रोज जाऊ दे."

पुढे मी निवृत्त होईपर्यंत तिथेच नोकरी केली. निरोपाच्या भाषणात मी म्हणाले की सासूबाईंचा भक्कम पाठिंबा नसता तर हे शक्य झालं नसतं. टाळ्या पडल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.